पडदा काळा पडतो तेव्हां

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या वर्षीं आषाढांतील एका रात्रीं, अकराचा सुमार असेल, माझ्या थोरल्या बंधूंच्या घरून टेलिफोन आला. बोलणारी माझी पुतणी होती. "काका, कार्ड गेलें!" एवढेंच ती म्हणाली आणि थांबली. हल्लीं माणसाच्या खिशांत रेशनचें, बँकेचें, आधारचें आणि आणखी चार-पांच कार्डें असतात. तेव्हां यांतलें नेमकें कोणतें गेलें, असें मला विचारावें लागलें. गेलें होतें तें संगणकांतील ग्राफिक्स कार्ड. मुलगी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. सोमवारीं तिला आपल्या इमारतीचे आराखडे व चित्रें महाविद्यालयांत सादर करावयाचीं होतीं, आणि तो दिवस गुरुवार होता. काम करतां करतां पडदा एकदम काळा पडे आणि दोन-तीन सेकंदांनीं पुन्हां उजळे. संध्याकाळपासून तर निळा पडदा येऊन यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागलें होतें. दुरुस्ती करणारे एक गृहस्थ येऊन गेले होते. निळ्या पडद्यावर एका फाइलचें नांव होतें. तें ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचें आहे, हें त्यांनीं ओळखलें, आणि लगेच निदान केलें : कार्ड उडालें, नवें घ्या, अठ्ठावीस हजार रुपये पडतील.

अठ्ठावीस हजार हा आंकडा पगारदार माणसाच्या घरांत लहान नव्हे. परंतु आज मी बोलणार आहें तें त्या रकमेपेक्षां त्या निदानाविषयीं. निळ्या पडद्यावर ज्याचें नांव येतें तो गुन्हेगार असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो केवळ साक्षीदार असतो. गुन्हा त्याच्या दाराशीं उघडकीस आला, एवढाच त्याचा अपराध. ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें चांगलीं कार्डें भंगारांत जातात आणि नव्या कार्डानंतरहि पडदा पूर्वींसारखाच काळा पडतो.

हें समजण्यासाठीं प्रथम संगणकाच्या पेटींत कोण कोण राहतें तें पाहूं. मदरबोर्ड म्हणजे पेटीच्या एका भिंतीला बसविलेला हिरवा अथवा काळा मोठा फलक. प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, डिस्क, ग्राफिक्स कार्ड ही सर्व मंडळी याच फलकाच्या आश्रयानें राहतात आणि त्यांचें आपसांतील दळणवळण फलकावरील तांब्याच्या रेघांतून चालतें. ग्राफिक्स कार्ड हा त्यांतला सर्वांत दांडगा पाहुणा. ज्या लांब खांचेंत तें बसतें तींतून त्याला जास्तींत जास्त ७५ वॅट वीज मिळूं शकते. एवढ्यानें मोठ्या कार्डाचें भागत नाहीं; म्हणून वीजपुरवठ्याच्या पेटींतून, ज्याला बाजारांत एसएमपीएस म्हणतात त्यांतून, निराळ्या तारा जोडाव्या लागतात. सहा पिनांच्या जोडणीनें आणखी ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या जोडणीनें १५०. ही जोडणी अर्धवट बसली असेल किंवा एसएमपीएस थकलेला असेल, तर पत्र लिहितांना कांहीं जाणवत नाहीं. चित्रकाम सुरू होतांच पडदा जातो.

आतां ड्रायव्हर. हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें मोटारीच्या चाकामागें बसलेला मनुष्य येतो. संगणकाचा ड्रायव्हर कांहींच हांकीत नाहीं. तो दुभाषी आहे. विंडोज ही घरची कारभारीण. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल यांनीं काढलेल्या प्रत्येक कार्डाची बोली तिला येत नाहीं, आणि येणें शक्यहि नाहीं. म्हणून प्रत्येक कारखानदार आपल्या यंत्राबरोबर आपला दुभाषी पाठवितो. कारभारणीनें सांगितलेलें काम तो कार्डाच्या बोलींत कार्डाला समजावतो आणि कार्डाचें उत्तर परत आणतो. हा दुभाषी मुळींच नसला तरी घर अगदींच अडत नाहीं. विंडोजपाशीं मोडकेंतोडकें बोलणारा स्वतःचा एक दुभाषी असतो. मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर असें त्याचें लांबलचक नांव. कारभार त्याच्या हातीं गेला कीं अक्षरें मोठीं व ओबडधोबड दिसतात, चित्रपट अडखळतो, दुसरा पडदा जोडलेला असल्यास तो बहुधा काळाच राहतो. पाहणाऱ्याला वाटतें, कार्ड बिघडलें. कार्ड ठणठणीत असतें. त्याचा दुभाषी रजेवर असतो.

या दुभाष्याचा अधिकार मात्र फार मोठा आहे. जुन्या वाड्यांत आला-गेला ओसरीवर बसे आणि माजघरांत घरच्या माणसांखेरीज कोणाला प्रवेश नसे. संगणकांतहि अशीच रचना आहे. पत्रलेखनाचा, हिशेबाचा, गाण्यांचा कार्यक्रम ओसरीवर चालतो. तो कोसळला तर एकटाच कोसळतो. ड्रायव्हरला माजघराची मोकळीक असते, आणि तेथें त्याचा पाय घसरला तर घरांतली चूलच विझते. १९ जुलै २०२४ रोजीं जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें एकाएकीं निळीं पडलीं आणि आपल्याकडेहि विमानतळांवर हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. याला कारण, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या अशाच माजघरांत बसणाऱ्या संरक्षक ड्रायव्हरकडे पोंचलेली एक सदोष फाइल. तो कांहीं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता. पण बसण्याची जागा तीच.

ग्राफिक्सच्या ड्रायव्हरनें माजघर वेठीस धरूं नये म्हणून विंडोजच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, तेथें एक पहारेकरी नेमलेला आहे. कार्डाला दिलेलें काम दोन सेकंद अडून राहिलें कीं हा पहारेकरी कार्ड आणि ड्रायव्हर या दोघांना खडबडून उठवितो व नव्यानें कामाला लावतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो याच वेळीं. उठवूनहि ते उठले नाहींत, किंवा मिनिटभरांतच हा प्रकार पुन्हां पुन्हां घडला, तर मात्र निळा पडदा. यांत पहारेकऱ्याला कळतें तें एवढेंच कीं उत्तर वेळेवर आलें नाहीं. तें कां आलें नाहीं, हें त्याला कळत नाहीं. ड्रायव्हरच सदोष असेल. कार्ड तापलें असेल. वीज अपुरी पडली असेल. रॅमनें चुकीचा मजकूर हातीं दिला असेल. प्रोसेसरनें बेरीज चुकविली असेल. या पांचहि प्रसंगीं पडद्यावर नांव यावयाचें तें बहुधा ड्रायव्हरचेंच.

म्हणून ड्रायव्हर सदैव निर्दोष असतो असेंहि कोणी समजूं नये. व्हिस्टासंबंधींच्या एका खटल्यांत २००८ सालीं मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत कागद न्यायालयापुढें उघड झाले; २००७ मधील व्हिस्टाच्या ज्या कोसळण्यांची नोंद झाली होती, त्यांपैकीं सुमारें २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नांवावर मांडलेलीं होतीं. मार्च २०१० मध्यें याच कंपनीला १९६.७५ या क्रमांकाचा ड्रायव्हर घाईनें मागें घ्यावा लागला, कारण तो बसविल्यावर कांहीं कार्डांचे पंखे हवे तसे फिरेनात आणि कार्डें तापूं लागलीं. नवीन तें चांगलेंच, ही समजूत ड्रायव्हरांच्या बाबतींत तरी सोडून द्यावी.

पण साक्षीदाराला आरोपी ठरविण्याचें सर्वांत मोठें उदाहरण याच्या नेमकें उलट आहे. २०२३ च्या सुमारास इंटेलचे १३ व्या व १४ व्या पिढीचे वेगवान प्रोसेसर वापरणाऱ्या लोकांना एक चमत्कारिक त्रास होऊं लागला. एखादा नवा खेळ सुरू करावा, तों पडद्यावर सूचना यावी कीं ग्राफिक्स कार्डाची स्मृति संपली. कार्डावर स्मृति तर भरपूर शिल्लक. लोकांनीं ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्यानें बसविली, कार्डें बदलून पाहिलीं. त्रास तसाच राहिला. एप्रिल २०२४ मध्यें एनव्हिडियानें आपल्या नव्या ड्रायव्हरसोबतच्या टिपणांतच असें सुचविलें, कीं या प्रोसेसरांवर अशी अडचण येत असल्यास इंटेलकडे पाहावें. पुढें जुलैमध्यें इंटेलनें मान्य केलें कीं प्रोसेसर प्रसंगीं वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज मागून घेत होते आणि त्यानें ते हळू हळू झिजत होते. खेळ उघडतांना प्रथम मोठमोठ्या गांठोड्या सोडाव्या लागतात. तें काम प्रोसेसरचें. तेथें त्याचा एखादा आंकडा चुके, आणि बोंब उठे ती कार्डाच्या स्मृतीची. यावरील उपाय ऑगस्ट २०२४ पासून मिळूं लागला, आणि तो कोठून, तर मदरबोर्ड करणाऱ्यांनीं दिलेल्या नव्या बायोसमधून! बायोस म्हणजे मदरबोर्डावरच कोरलेला तो मूळ कार्यक्रम, जो विंडोज जागी होण्याच्या आधीं सर्वांना उठवून त्यांची हजेरी घेतो. जे प्रोसेसर तोंवर झिजून गेले होते त्यांना या उपायाचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठीं इंटेलनें हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. तक्रार कार्डाची, दोष प्रोसेसरचा, औषध मदरबोर्डाचें. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकानें ही हकीकत पाठ करून ठेवावी.

मग घरच्या माणसानें आरंभ कोठून करावा? माझें मत असें, कीं तो स्क्रू-ड्रायव्हरनें न करतां वहीनें करावा. पडदा केव्हां गेला, त्या वेळीं काय चाललें होतें, त्याच्या आदल्या आठवड्यांत घरांत काय बदललें, हें लिहून काढावें. आपली स्मृति या कामीं फार लबाड असते. सुदैवानें विंडोजहि एक रोजनिशी गुपचूप लिहीत असते. रिलायबिलिटी मॉनिटर असें तिचें नांव. स्टार्टच्या चौकटींत रिलायबिलिटी एवढा शब्द टंकला कीं ती सांपडते. तींत एकेका दिवसाचा रकाना असून यंत्र कोसळलें त्या दिवशीं तांबडी फुली दिसते, आणि त्याच रकान्यांत खालीं त्या दिवशीं कोणकोणते कार्यक्रम व ड्रायव्हर नवीन बसले तें लिहिलेलें असतें. पहिली फुली ज्या दिवशीं, त्या दिवशीं किंवा आदल्या दिवशीं काय घडलें? बहुतेक खटल्यांचा निकाल या प्रश्नांतच असतो. विंडोज पुष्कळदां स्वतः होऊन, आपल्याला न विचारतां, ड्रायव्हर बदलते. तेव्हां "मी तर कांहींच केलें नाहीं" ही घरांतील सर्वांची साक्ष खरी असूनहि पुरेशी नसते.

फुली आणि ड्रायव्हर यांची तारीख जुळली तर मार्ग सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडावा, ग्राफिक्स कार्डाच्या नांवावर दोनदां टिचकी मारावी, ड्रायव्हरच्या पानावर रोल बॅक ड्रायव्हर असें बटण असतें तें दाबावें. मागचा दुभाषी परत कामावर येतो. तें बटण फिकट दिसलें तर मागचा दुभाषी जपून ठेवलेला नाहीं असें समजावें, आणि कार्ड करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पानावरून जुनी आवृत्ति उतरवून घ्यावी. बसवितांना जुन्याचे अवशेष पुसून नवा बसविण्याची सोय असेल तर ती अवश्य निवडावी. पडदा इतका वारंवार जात असेल कीं हेंहि करतां येऊं नये, तर यंत्र सेफ मोडमध्यें सुरू करावें. तेथें विंडोज आपल्या त्या मोडक्यातोडक्या दुभाष्यावरच काम चालविते, आणि म्हणूनच ही एक सुरेख कसोटीहि ठरते : सेफ मोडमध्यें तासभर कांहीं झालें नाहीं तर संशय ड्रायव्हरकडे झुकतो. केवळ झुकतो, म्हणतों. कारण त्या अवस्थेंत कार्डावर भारहि पडत नसतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्यें एखाद्या नांवाशेजारीं पिवळा त्रिकोण दिसला तर त्यांत एक सांकेतिक क्रमांकहि असतो. २८ म्हणजे दुभाषी नेमलेलाच नाहीं. ४३ म्हणजे यंत्रानेंच आपल्यांत बिघाड आहे असें कळविल्यामुळें विंडोजनें त्याला थांबविलें. हा ४३ पाहून कार्ड मेलें असें सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ड्रायव्हर विस्कटल्यानेंहि तो येतो, तेव्हां एकदां नवा ड्रायव्हर घातल्याशिवाय अंत्यविधीची तयारी करूं नये. कांहीं वेळां यंत्राचें नांवच नसतें, नुसतें अननोन डिव्हाइस. त्याच्या तपशिलांत हार्डवेअर आयडी पाहावा. त्यांतील उत्पादकाचा क्रमांक त्याचें कूळ सांगतो. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, आणि ८०८६ असेल तर इंटेल. इंटेलनें हा आंकडा आपल्या १९७८ मधील प्रसिद्ध प्रोसेसरच्या नांवावरून घेतला, हें जाणकारांच्या लक्षांत आलेंच असेल.

मदरबोर्डाचेहि स्वतःचे दुभाषी असतात आणि त्यांची उपेक्षा फार होते. चिपसेटचा एक, ध्वनीचा एक, इंटरनेटच्या जोडणीचा एक. विंडोज नव्यानें बसविल्यावर कधीं कधीं मोठा पेंच पडतो : इंटरनेटचा ड्रायव्हर नाहीं म्हणून इंटरनेट नाहीं, आणि इंटरनेट नाहीं म्हणून ड्रायव्हर उतरवितां येत नाहीं. म्हणून विंडोज पुसण्यापूर्वींच मदरबोर्डाचें नांव व मॉडेल सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावरून टिपून घ्यावें, आणि त्या कंपनीच्या पानावरून निदान हा एक ड्रायव्हर पेन-ड्राइव्हवर ठेवावा. "तुमचे सर्व ड्रायव्हर एका टिचकींत अद्ययावत् करतों" म्हणून जे कार्यक्रम इंटरनेटवर दारोदार हिंडतात, त्यांना मात्र मी उंबऱ्याच्या आंत घेत नाहीं. माजघराची किल्ली अनोळखी माणसाला कोण देतो?

आतां थोडें पेटीच्या आंत. पण आंत जाण्यापूर्वीं बाहेरूनच एक गोष्ट पाहून घ्यावी, कारण तिनें भल्याभल्यांना फजीत केलें आहे. पेटीच्या पाठीमागें पडद्याची तार जोडण्याच्या जागा दोन ठिकाणीं असतात : वर मदरबोर्डाच्या, खालीं ग्राफिक्स कार्डाच्या. झाडलोट करतांना तार काढली जाते आणि चुकून वर जोडली जाते. ज्या प्रोसेसरांत चित्राची सोय नाहीं (इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं एफ असतो ते असे असतात), तेथें पडदा ठार काळा राहतो. सोय असेल तर चित्र दिसतें, पण सर्व काम मंदावतें आणि महागडें कार्ड शेजारीं स्वस्थ बसून राहतें. पेटी उघडणारच असाल तर वीज बंद करून प्लग भिंतींतून काढावा, धातूच्या चौकटीला हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी, मग कार्ड खांचेंतून सोडवून पुन्हां नीट बसवावें. आपल्या मुंबई-कोंकणच्या पावसाळी हवेंत धातूच्या पट्ट्यांवर मळ धरतो. दुकानांतले कारागीर रॅमच्या पट्टीचीं टोकें खोडरबरानें पुसतात. हलक्या हातानें पुसून रबराचा चुरा झटकून टाकला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. खरोखर मेलेलें कार्ड ओळखण्याची खूण निराळीच आहे. विंडोज सुरू होण्याच्याहि आधीं, बायोसच्या पानावरच रंगीत ठिपके वा रेघा उमटत असतील, आणि तार व पडदा बदलूनहि त्या जात नसतील, तर तेथें ड्रायव्हरचा संबंध पोंचतच नाहीं. तेंच कार्ड दुसऱ्याच्या यंत्रांत घालून तसेंच दिसलें म्हणजे मग दुकानाची पायरी चढण्यास हरकत नाहीं.

हें सर्व ज्ञान माझ्यापाशीं असतांना मी बंधूंच्या घरीं शुक्रवारीं सकाळीं काय केलें? वही उघडली नाहीं. निळ्या पडद्यावर ड्रायव्हरचें नांव होतें म्हणून मीहि त्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांप्रमाणेंच त्यावर विश्वास ठेवला, सेफ मोडमध्यें जाऊन जुना ड्रायव्हर पुसला, नवा घातला, आणि चहा घेऊन परत आलों. तिसऱ्या प्रहरीं पडदा पुन्हां काळा. मग रोजनिशी पाहिली. पहिली तांबडी फुली होती तीन आठवड्यांपूर्वींच्या रविवारची, आणि त्या दिवशीं कोणताच ड्रायव्हर बदललेला नव्हता. त्या रविवारीं काय झालें होतें, असें विचारतां वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशीं नाहीं का ह्यांनीं तिच्यासाठीं मेमरी वाढवून आणली?"

दोन पट्ट्यांच्या चार झाल्या होत्या. रॅमच्या पट्टीवर दोन वेग सांगितलेले असतात म्हणा ना : एक सर्वमान्य, आणि दुसरा त्याहून अधिक, जो बायोसमध्यें एक्सएमपी नांवाची कळ फिरविल्यावर मिळतो. दोन पट्ट्यांवर हा अधिक वेग पेलतो. चार झाल्या कीं मदरबोर्डावर ताण वाढतो आणि तो नेहमींच पेलतो असें नाहीं. बसविणारानें कळ फिरविलेलीच ठेवली होती. आम्हीं ग्राफिक्स कार्ड पेटींतून अजीबात काढून ठेवलें, पडद्याची तार मदरबोर्डाला जोडली (प्रोसेसर सुदैवानें चित्राची सोय असलेला होता) आणि विंडोजची मेमरी डायग्नॉस्टिक ही तपासणी रात्रीं लावून दिली. सकाळीं उत्तर तयार होतें : स्मृतींत दोष. कार्ड तर टेबलावर वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेलें. यापेक्षां स्वच्छ निर्दोष सुटका कोणत्या आरोपीची झाली असेल!

येथें कळ परत फिरवून थांबावयास हवें होतें. मी थांबलों नाहीं. नवा बायोस घातला तर चार पट्ट्यांना तो अधिक सांभाळून घेईल, अशी मला हुक्की आली. बायोस बदलत असतां वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो म्हणून यूपीएस जोडण्याची दक्षता मीं घेतली. पण दुसरी दक्षता विसरलों. हल्लींच्या पुष्कळ विंडोज यंत्रांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकरच्या कुलुपांत असतो, आणि तें कुलूप मदरबोर्डाची ओळख पटल्यावर आपोआप उघडतें. बायोस बदलला कीं ही ओळख बदलूं शकते. म्हणून आधीं बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावयाचा असतो. तो मीं केला नाहीं. यंत्र उठलें तें निळें पान घेऊन, आणि त्यानें ४८ आंकडी किल्ली मागितली.

घरांत अशी कांहीं किल्ली आहे हेंच कोणाला ठाऊक नव्हतें. पुतणी कांहीं बोलली नाहीं. पांच वर्षांचें काम त्या डिस्कवर होतें, आणि दुसरी प्रत अर्धवट. किल्ली नसेल तर त्या डिस्कवरील अक्षरहि कोणी वाचूं शकत नाहीं. तो मजकूर दुकानदार काय, विंडोज करणारे स्वतःहि काढून देऊं शकत नाहींत. अशी किल्ली बहुधा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें यंत्र प्रथम सुरू केलें त्याच्या खात्यांत जमा असते. पुतणीच्या खात्यांत ती नव्हती. तासाभरानें बंधूंना आठवलें कीं यंत्र नवें आणलें त्या दिवशीं तें त्यांनींच सुरू केलें होतें. संकेतशब्द? ते उठले आणि जुन्या डायरीचें शेवटचें पान काढून माझ्यापुढें धरलें. संकेतशब्द असे वहींत लिहूं नयेत म्हणून मीच त्यांना अनेकदां बजावलें होतें.

सहा-सहा आंकड्यांचे आठ गट. बंधू आपल्या टेलिफोनवरून वाचीत गेले, पुतणी टंकीत गेली, आणि मी काय करावें हें न सुचून यूपीएसच्या बटणाकडे पाहत उभा राहिलों. कुलूप उघडलें. मग एक्सएमपीची कळ बंद केली, तपासणी पुन्हां लावली, ती निर्दोष उतरली, कार्ड वर्तमानपत्रांतून काढून खांचेंत बसविलें. रविवारीं दिवसभर पडदा एकदांहि काळा पडला नाहीं. चित्रें सोमवारीं अकरा वाजतां महाविद्यालयांत पोंचलीं. कार्ड तेंच आहे, ड्रायव्हरहि तोच; आणि ते ४८ आंकडे आतां एका कागदावर लिहून बंधूंच्या कपाटांत, घराच्या खरेदीखताच्या शेजारीं ठेवलेले आहेत.